लोह, बी-१२ आणि ड: ताटात काय, गोळी केव्हा आणि कशी

थकवा, केस गळणं, पायात गोळे, चढ चढताना लागणारी धाप. यातलं काही सुरू झालं की बहुतेक घरांत औषधाच्या दुकानातून एखादी ‘ताकदीची गोळी’ येते, पंधरा दिवस घेतली जाते आणि पट्टी अर्धी संपल्यावर फडताळात जाऊन पडते. नेमकं काय कमी आहे ते कळत नाही, गोळीत काय होतं तेही कळत नाही. हा लेख पहिल्यांदाच याकडे लक्ष देणाऱ्यांसाठी आहे. मराठी शाकाहारी किंवा क्वचित मांसाहारी घरांत सर्वांत जास्त कमतरता दिसते ती तीन गोष्टींची, म्हणून तेवढ्याच इथे घेतल्या आहेत: लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. तिघांचे नियम अगदी वेगळे आहेत. लोह ताटात असतं, पण अंगी लागत नाही. बी-१२ शाकाहारी ताटात जवळजवळ नसतंच. ड जीवनसत्त्वाचा तर ताटाशी संबंधच थोडा.

पहिली पायरी: सात दिवसांचं खाणं लिहून काढा

वहीचं एक पान पुरे. ‘दूध घेतो’, ‘पालेभाजी असते’ असं मोघम लिहू नका, माप लिहा. आमच्याकडे दूध भरपूर असतं, असं सांगणाऱ्या घरात माणशी हिशेब केला की चार कप चहातलं मिळून दीडशे-दोनशे मिलिलिटर दूध निघतं. ताक रोज असतं, पण दोन पेल्यांत अर्धी वाटी दही. पालेभाजीची एक जुडी पाच जणांत, तीही आठवड्यातून दोनदा. अंडी, मासे, मटण ‘खातो’ म्हणजे महिन्यातून किती वेळा, तेही लिहा. श्रावण आणि चतुर्मास धरून लिहा.

याच पानावर चहा-कॉफीच्या वेळा टिपा. पुढे त्यांचं काम आहे. चालू असलेली औषधंही लिहा: मधुमेहाची मेटफॉर्मिन, आम्लपित्ताच्या गोळ्या, थायरॉईडची गोळी.

दुसरी पायरी: लोह अंगी लागेल असं ताट मांडा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवं. आकडा एवढा मोठा असण्याचं कारण असं, की धान्य, कडधान्य आणि भाज्यांतलं लोह शंभरातलं पाच ते दहा भागच शोषलं जातं. मांस-मासळीतल्या लोहाचा एक भाग वेगळ्या रूपात असतो, तो यापेक्षा कितीतरी सहज शोषला जातो.

एका दिवसाचा हिशेब करून पाहा. बाजरीच्या दोन भाकऱ्यांना साधारण १२० ग्रॅम पीठ लागतं, त्यात ७ ते ८ मिलिग्रॅम लोह. मटकीच्या वाटीभर उसळीत, म्हणजे ३० ग्रॅम कोरड्या मटकीत, सव्वादोनच्या आसपास. माठ किंवा पालकाची १०० ग्रॅम भाजी घेतली तर तीन-चार. एकूण तेरा मिलिग्रॅम. त्यातलं अंगी लागतं एक मिलिग्रॅम, धरून चाला. पाळी येणाऱ्या स्त्रीच्या अंगातून रोज सरासरी दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. म्हणजे बाजरी, मटकी, माठ असा चांगला दिवस असूनही खातं तुटीतच राहतं. नुसतं ‘अजून पालक खा’ म्हणून ही तूट भरत नाही. शोषण वाढवावं लागतं. ते स्वयंपाकघरातच होतं.

मटकी आठ-दहा तास भिजवा, निथळून ओल्या फडक्यात बांधा, मोड अर्धा-पाऊण सेंटिमीटर येऊ द्या. कडधान्यातलं फायटेट लोहाला धरून ठेवतं. भिजवल्याने आणि मोड आल्याने ते कमी होतं. उसळ शिजली की गॅस बंद करा, मगच वर अर्धं लिंबू पिळा. लिंबू आधी घालून उकळलं तर क जीवनसत्त्व बरंचसं जातं. पेरू असेल तर त्याहून चांगलं: १०० ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या घरात असतं, म्हणजे जेवणाबरोबर अर्ध्या पेरूच्या फोडीही पुरतात. आवळा, कच्ची कोबी-मिरचीची कोशिंबीर, ताजी कोथिंबीर हेही चालतं. मात्र ते त्याच जेवणात हवं. सकाळी आवळा आणि रात्री भाकरी याचा लोहाला उपयोग नाही.

आंबवलेलं पीठही हेच काम करतं. ज्वारी किंवा नाचणीची रात्रभर आंबवलेली आंबील, आंबोळी, इडली यांत फायटेट कमी झालेलं असतं.

लोखंडी कढई आणि तवा पुन्हा वापरात काढा. आमसुलाची आमटी, टोमॅटोची भाजी, चिंच घातलेलं काही असं आंबट शिजवलं की कढईतलं लोह थोडं पदार्थात उतरतं. शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर रंग काळा पडतो आणि चव कडवट लागते. कढई धुऊन पुसून तेलाचा हात लावून ठेवली की गंजत नाही. लेप दिलेल्या नॉनस्टिक भांड्यातून यातलं काहीच मिळत नाही.

आता चहा. जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या-झाल्या घेतलेल्या एका कपाने त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून अधिक घटू शकतं. पोह्यांत लोह बऱ्यापैकी असतं, त्यावर लिंबू पिळतो ते अगदी योग्य, आणि मग शेजारी वाफाळता चहा ठेवून सगळं घालवतो. चहा सोडायला कोणी सांगत नाही. जेवण-नाश्त्याच्या आधी-नंतर किमान तासाभराचं अंतर ठेवा, इतकंच. आमच्या मते घरातल्या स्त्रियांसाठी हा एक बदल बाकी सगळ्या लाडू-चूर्णांपेक्षा मोलाचा आहे.

काही समजुतींबद्दल थोडक्यात. बीट आणि डाळिंब लाल आहेत म्हणून त्यांत लोह जास्त नाही. दोन्हींत १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमपेक्षा कमीच असतं. गूळ साखरेपेक्षा बरा, पण १० ग्रॅम गुळातून अर्धा मिलिग्रॅमच मिळतं. लोहासाठी म्हणून गूळ वाढवला तर वाढते ती साखर. अळीव आणि तीळ मात्र खरोखर लोहाचे. अळिवाचा लाडू बाळंतिणीला देण्याची पद्धत आहे, ती इतरांनाही लागू पडते. मात्र गरोदरपणात अळीव देत नाहीत, तो नियम पाळा.

रेशनच्या पोषणयुक्त तांदळाबद्दलही एक सांगायला हवं. त्यात मधूनमधून दाण्याच्या आकाराचे थोडे वेगळ्या रंगाचे दाणे दिसतात, धुताना काही पाण्यावर तरंगतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठातच लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून ते दाणे बनवतात आणि साध्या तांदळात साधारण शंभराला एक या प्रमाणात घालतात. ते निवडून टाकू नका, तांदूळ एक-दोनदाच हलक्या हाताने धुवा आणि भाताचं पाणी काढून फेकू नका.

तिसरी पायरी: बी-१२ साठी ताटावर विसंबू नका

बी-१२ जिवाणू तयार करतात. ते प्राण्यांच्या शरीरात साठतं, वनस्पतींत नाही. मोड आलेली कडधान्यं, आळंबी, स्पिरुलिना यांची नावं ऐकायला मिळतात. स्पिरुलिनात सापडतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी असं रूप. शाकाहाऱ्यांसाठी खरा स्रोत दूध-दही, आणि चालत असेल तर अंडं. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. १०० मिलिलिटर दुधात ०.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, उकळताना त्यातलं काही कमी होतं. म्हणजे रोजचं अर्धा लिटर दूध पोटात गेलं तर गरजेच्या जवळपास पोचता येतं. पहिल्या पायरीतलं पान काढा आणि तुमचं माप किती आहे ते पाहा.

ही कमतरता किरकोळ नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथल्या गरोदर स्त्रियांपैकी साधारण दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी आढळलं. ज्या मातांचं बी-१२ कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप) जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंद असल्याचं सर्वाधिक दिसलं. गरोदरपणात फॉलिक ॲसिड घ्यायलाच हवं. त्याबरोबर बी-१२ कडेही पाहायला हवं, हा त्यातून घ्यायचा बोध.

फॉलिक ॲसिडचा आणखी एक धोका: बी-१२ च्या कमतरतेत ते एकटंच घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, अहवाल बरा दिसतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालू राहते. हातापायांना मुंग्या, तळव्यांची आग, जीभ सोलवटल्यासारखी होणं, अंधारात चालताना तोल जाणं ही तिची लक्षणं. ती लांबवू नका, कारण उशीर झाला तर काही हानी भरून येत नाही.

गोळीच्या मात्रेत लोक गोंधळतात. गरज दोन मायक्रोग्रॅमची आणि गोळी १००० किंवा १५०० ची कशी? आतडं एका वेळी नेहमीच्या मार्गाने दीड-दोन मायक्रोग्रॅमच घेऊ शकतं. त्यापलीकडच्या मात्रेतला शेकडा एक भाग आपोआप झिरपतो. म्हणजे १००० च्या गोळीतून दहाएक मायक्रोग्रॅम अंगी लागतात. म्हणून पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्याने एकतर रोज ५० ते १०० मायक्रोग्रॅमची छोटी मात्रा घ्यावी किंवा आठवड्याला मिळून २००० ची. कमतरता आधीच सिद्ध झाली असेल तर मात्रा आणि इंजेक्शन लागेल की नाही, हे डॉक्टर ठरवतील. बी-१२ गोळीत दोन रूपांत मिळतं: मिथाइलकोबालामिन महाग आणि सायनोकोबालामिन स्वस्त. बहुतेकांसाठी दोन्हींनी काम होतं.

दुकानात बी-१२ मागितलं की बऱ्याचदा ‘नसांची गोळी’ हातात येते, तिच्यात बी-६ भरपूर असतं. मोठ्या मात्रेतलं बी-६ महिनोन् महिने घेतलं तर त्यानेच हातापायांना मुंग्या येऊ शकतात. मुंग्या थांबाव्यात म्हणून घेतलेली गोळी मुंग्या चालू ठेवते आणि माणूस गोळी वाढवत जातो. नुसतं बी-१२ मागा.

चौथी पायरी: ऊन कोणतं आणि किती

‘सकाळचं कोवळं ऊन घ्या’ हा सल्ला घरोघरी मिळतो. अंगाला बरं वाटायला तो चांगला, ड जीवनसत्त्वासाठी मात्र जवळजवळ निरुपयोगी. त्वचेत ड तयार करणारे अतिनील-ब किरण सूर्य तिरपा असताना हवेतच अडतात. खूण सोपी आहे: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन उपयोगाचं. म्हणजे साधारण अकरा ते दोन. चेहरा, हात, पाय उघडे ठेवून आठवड्यातून तीन-चार वेळा वीस-तीस मिनिटं. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हात हे किरण नसतात, त्यामुळे बंद गॅलरीत बसून काही मिळत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात भर दुपारी उन्हात बसू नका. दहा-साडेदहाला सावली आखूड झालेली असते, तेव्हाच उरकून घ्या.

अन्नातून ड फार थोडं मिळतं. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत आणि अंड्याच्या बलकात काही असतं. निळ्या ‘+एफ’ चिन्हाच्या दुधात लिटरला २०० ते ३०० युनिट मिसळलेले असतात, म्हणजे एका पेल्यातून पन्नासेक. रोजची गरज ६०० युनिटची.

इंग्लंड, कॅनडा किंवा उत्तर अमेरिकेच्या वरच्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर ऑक्टोबर ते मार्च उन्हातून काहीच मिळत नाही. ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा सल्ला हिवाळ्यात सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घ्यावेत असा आहे. सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा असंही ते सांगतात.

पाचवी पायरी: गोळीआधी तपासणी

तपासण्या चार: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, हिमोग्लोबिन यातच येतं), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (ड जीवनसत्त्व). हिमोग्लोबिन स्त्रियांत १२, गरोदरपणात ११ आणि पुरुषांत १३ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. पण साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. म्हणून फेरिटिन पाहायचं. ते १५ च्या खाली असेल तर साठा रिकामा. ताप, सर्दी, कुठलीही सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, त्यामुळे आजारातून उठल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासा. बी-१२ दोनशेच्या खाली कमी आणि दोनशे ते तीनशे सीमेवर. ड वीसच्या खाली कमी.

बी-१२ ची गोळी सुरू करून मग रक्त दिलं तर आकडा चढलेला येतो आणि कमतरता होती का, हे कळतच नाही. आधी रक्त, मग गोळी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. थायरॉईडसह काही चाचण्या त्याने चुकतात, म्हणून दोन-तीन दिवस आधी बंद करायला सांगतात.

दोन इशारे. एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) कमी, पण तांबड्या पेशींची संख्या भरपूर आणि फेरिटिन ठीक, असा अहवाल असेल तर तो थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला हिमोग्लोबिनचा दोष, असू शकतो. त्यात लोहाच्या गोळ्यांचा उपयोग नाही. तो ओळखण्यासाठी एचबी-ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ची तपासणी एकदाच करावी लागते. लग्न किंवा मूल ठरवण्याआधी तर जोडीदारांनी ती कराच. दुसरा इशारा: पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या स्त्रीचं लोह कमी निघालं तर गोळी घेऊन गप्प बसू नका. मूळव्याध, अल्सर किंवा आतड्यातून रक्त जातंय का, ते शोधावं लागतं.

सहावी पायरी: पट्टीची मागची बाजू वाचा

लोहाच्या पट्टीवर पुढे मोठ्या अक्षरांत क्षाराचं वजन असतं, आपल्याला हवं असतं ते ‘एलिमेंटल आयर्न’. २०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये प्रत्यक्ष लोह ६५ मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती फुकट आहे म्हणून कमी प्रतीची नाही, पाचशे रुपयांच्या पट्टीइतकंच काम करते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळीही तीच. मुलींना ती घेऊ द्या.

एकाच गोळीत लोह, कॅल्शियम, जस्त आणि वीस जीवनसत्त्वं असली तर लोहाची मात्रा सहसा नाममात्र असते आणि कॅल्शियम तिच्याशी भांडतं. कमतरता सिद्ध झाल्यावर अशी ‘सगळं एकात’ गोळी घेऊ नये.

ड च्या ६०,००० युनिटच्या पुडीवर ‘आठवड्यातून एकदा’ हे स्वतः पेनने लिहा आणि कॅलेंडरवर वार ठरवा. सहसा आठ आठवडे देतात, पुढे महिन्यातून एक. चुकून रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं: तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडावर ताण. घरातल्या वयस्कर माणसाची पुडी दुसऱ्या कोणीतरी हातात द्यावी, हेच बरं.

सातवी पायरी: कोणती गोळी कशाबरोबर

लोह: जेवणाआधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. दूध, चहा, कॅल्शियमची गोळी, आम्लपित्ताचं औषध यांपासून दोन तास लांब. पोटात मळमळलं तर रात्री थोडं खाऊन घ्या. शोषण घटतं, पण गोळी सुटण्यापेक्षा ते बरं. एक गोळी घेतल्यावर साधारण दिवसभर शरीर लोहाला दार आवळून धरतं, म्हणून दिवसातून दोनदा घेऊन दुप्पट फायदा होत नाही. ज्यांना त्रास होतो त्यांनी एक दिवसाआड घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. शौच काळं होणं नेहमीचं. डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधीचं असेल तर दवाखाना गाठा.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर ठेवावं. सोपी मांडणी: थायरॉईडची पहाटे उपाशी, कॅल्शियम दुपारच्या जेवणात, लोह रात्री. ड ची पुडी स्निग्ध जेवणानंतर, कारण ते तेलातुपात विरघळतं. उपासाच्या दिवशी नको. बी-१२ कधीही चालतं. मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताची औषधं वर्षानुवर्षं चालू असतील तर बी-१२ वर्षातून एकदा तपासा.

लोहाची बाटली लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. गोळ्या रंगीत आणि गोड लेपाच्या असतात, मुलांना त्या गोळ्या-चॉकलेटसारख्या वाटतात, आणि मोठ्यांच्या काही गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. मुलाने गिळल्याचा संशय जरी आला तरी पट्टी हातात घेऊन थेट रुग्णालयात जा.

आठवी पायरी: पुन्हा तपासणी

लोह सुरू केल्यावर महिन्याने सीबीसी करा. हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने वर यायला हवं. आलं नाही तर गोळी चहाबरोबर जातेय, कुठून तरी रक्त जातंय किंवा निदानच वेगळं आहे, यांपैकी काहीतरी आहे. आकडा नेहमीच्या पातळीला आला म्हणून लगेच थांबू नका, पुढचे तीन महिने साठा भरण्यासाठी असतात, मग फेरिटिन. बी-१२ आणि ड तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण पद्धत बदलली की आकडे थोडे हलतात. सगळं जागेवर आलं की पहिलं पान पुन्हा काढा. दूध-अंडी वाढली नसतील तर बी-१२ ची छोटी मात्रा चालू ठेवायची आहे; लोहाची गोळी मात्र बंद करायची, कारण शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाटच नसते.